जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का तुम्हाला?

मानेवाडा_ले_आउट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज वेळ काढला. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

जानेवारीत नागपूरच्या महाल भागात एका नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला गेले होते. जुनं घर, बैठक खाली सतरंजीवर. बसताना काही वाटलं नाही पण निघायची वेळ झाली तर मला उठताच येईना. आधी उजवा हात टेकला, मग गुडघा टेकला, मग शेजारच्या ताईंनी दंडाला धरलं तेव्हा उभी राहिले आणि उभी राहिल्यावरही जरा तोल गेलाच. त्याच खोलीत त्यांच्या आजेसासूबाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, त्या हातात तबक घेऊन सरळ उठल्या आणि आत गेल्या.

मी ४७ वर्षांची. वजन ६२ किलो, उंची बरी आहे त्यामुळे सगळे मला बारीकच म्हणतात. शुगर, बीपी काही नाही. दोन वर्षांपासून आमच्या ले-आउटमधल्या बागेत रोज पाऊण तास चालते. म्हणजे माझ्या मते मी एकदम फिट होते. त्या रात्री झोप लागली नाही कारण मला आई आठवत होती. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी पूजेला पाटावर बसणं बंद केलं, खुर्ची आली. मग पंगतीत बसणं बंद. मग पलंगावरून उठताना कोणीतरी हात द्यायचा. आम्हाला सगळ्यांना वाटायचं वय झालं, चालायचंच. ६८ व्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती घराबाहेर अशी आपल्या पायांनी गेलीच नाही. आज मागे वळून बघते तर कळतं की ती पडली त्या दिवशी काही अचानक झालं नव्हतं, दहा-बारा वर्षं पायातली ताकद जात होती आणि आम्ही दरवेळी तिच्यासाठी अजून थोडी उंच खुर्ची आणत होतो.

तर फेब्रुवारीपासून मी चालणं ठेवलं पण आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम सुरू केला, आणि खाण्यात प्रोटीन मोजायला लागले. सात महिने झाले. काय केलं ते खाली लिहिते, पण आधी विचारायचं होतं की इथे अजून कोणी असं केलंय का, आणि मुख्य म्हणजे तुम्ही सगळ्यांनी आत्ता उठून एकदा करून बघा, खाली मांडी घालून बसा आणि हात, गुडघा काही न टेकता उठा. जमतं का ते इथे सांगा.


संत्रानगरी

आत्ताच करून बघितलं. वय ३६. बसताना ठीक, उठताना एक हात लागलाच. धक्का बसला खरं सांगतो.


फिजिओ_ताई

खूप चांगला धागा. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रोज हेच बघते. तुम्ही जे केलं त्याची रीतसर चाचणी आहे, ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो यांनी ती मांडली. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, कोपर, गुडघा, मांडी, जे टेकलं त्याचा प्रत्येकी १ गुण वजा, तोल गेला तर अर्धा वजा. २०१२ साली त्यांचा ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांचे गुण कमी त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पण हे वाचून घाबरायचं नाही. उठता आलं नाही म्हणून माणूस लवकर जातो असा त्याचा अर्थ नाही. पायाची ताकद, लवचिकता, तोल, वजन या सगळ्याचं मिळून एक चित्र त्या एका हालचालीत दिसतं, एवढंच. आणि त्यातलं प्रत्येक सुधारता येतं, सत्तरीतही.

चालण्याबद्दल सांगते. चालणं हृदयाला, शुगरला, मनाला उत्तम. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंवर फार कमी भार येतो, त्यामुळे रोज चालणाऱ्यांच्याही मांड्या बारीक होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये दोन्ही गोष्टी आहेत, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आपल्याकडे लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा सोडून देतात.

ज्यांचं खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चक्कर येते, त्यांनी मात्र ही चाचणी घरी एकट्याने करू नका प्लीज.


इतवारीचा_भाऊ

ताई तुमचं वाचून मले आमच्या आखाड्याचे दिवस आठवले. आमचे वस्ताद म्हनत, मानूस आधी पायातून म्हातारा होते, मंग केसातून. मी ५८ चा आहो, दुकानात गल्ल्यावर दिवसभर बसून राहतो, पन सकाळी ४० बैठका अन् २० दंड अजूनही मारतो. काही लागत नाही बाप्पा, ना जिम ना मशीन, दोन बाय सहाची जागा पाहिजे फक्त.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, एकदम सुरू नका करू. लॉकडाऊननंतर मी पहिल्याच दिवशी जुन्या हिशोबानं शंभर बैठका मारल्या अन् चार दिवस जिना नाही उतरता आला मले. दहापासून सुरू करा, दर आठवड्याले दोन-दोन वाढवा.


फिजिओ_ताई

भाऊंचं शंभर टक्के बरोबर. आणि असं खूप दिवसांनी एकदम जास्त केल्यावर अंग भयंकर दुखून लघवी चहासारखी गडद झाली तर घरी थांबू नका, तडक दवाखान्यात जा, स्नायू तुटून किडनीवर भार आलेला असू शकतो.


धरमपेठी_पहाट

मी जरा वेगळं मत मांडतो. आमचा ग्रुप आठ वर्षं झाली रोज फुटाळा तलाव ते सेमिनरी हिल्स चालतो, जपानी गार्डनचा चढ चढतो. साठीच्या पुढचे सगळे. काहींच्या शुगरच्या गोळ्या कमी झाल्या आहेत. चालण्याला असं कमी लेखू नये असं वाटतं. सर्वसामान्य माणसाला टिकवता येणारा व्यायाम तोच आहे.


मानेवाडा_ले_आउट

@धरमपेठी_पहाट काका, कमी नाही लेखत हो. मी पण चालणं सोडलं नाहीये, आणि तुमचा तर चढ आहे, त्याने मांड्यांना काम मिळतं. माझं चालणं सपाट बागेतलं गोल गोल आणि गप्पा मारत. तुमच्या ग्रुपमध्ये एकदा खाली बसून उठण्याचं करून बघा ना, खरंच उत्सुकता आहे.

आता मी काय केलं ते. माझी पद्धत अगदी घरगुती आहे. पहिले तीन आठवडे दिवाणावर जाड उशी ठेवून त्यावरून हात छातीशी बांधून उठणं-बसणं, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा, असं तीनदा. मग उशी काढली. मग मोढ्यावरून. मोढ्यावरून जमलं तेव्हा चौरंगावरून. चौरंगावर मी दोन महिने अडकले होते, शेवटचे दोन-तीन इंच फार अवघड असतात, त्या वेळी फिजिओकडे एकदा जाऊन आले तर त्यांनी सांगितलं घोट्याची लवचिकता कमी आहे, पिंढऱ्या आखडल्यात, त्यासाठी रोज भिंतीला हात लावून ताण द्यायला लावला. मग पाट. मग सतरंजी. त्याच्या जोडीला भिंतीवरचे जोर, नंतर ओट्यावर हात टेकून, आता दिवाणाच्या कडेवर. आणि पाठीसाठी सॅकमध्ये दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरून कमरेत वाकून उचलणं, दोन बाटल्यांपासून पाचपर्यंत आले. सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं लागतात, सोम-बुध-शुक्र. जिमला जायला वेळ नव्हता आणि खरं म्हणजे धीरही नव्हता.

फिजिओ ताईंच्या हिशोबाने जानेवारीत माझे बसण्याचे ४ आणि उठण्याचे (हात, गुडघा, तोल आणि शेजारच्या ताई) जेमतेम दीड. गेल्या रविवारी एकूण साडेआठ. उठताना एक हात अजून लागतो आणि अर्धा गुण तोलाचा जातो.


खामल्याची_सून

ताई, दंडवत! मला एक भीती वाटते ती विचारते. बायकांनी वजन उचललं की शरीर पुरुषी होतं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. सासूबाई तर सरळ नको म्हणाल्या.


फिजिओ_ताई

नाही होत. तसे मोठे स्नायू बनायला जे हार्मोन लागतं ते टेस्टोस्टेरॉन, ते बायकांमध्ये पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असतं. उलट पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं झपाट्याने ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा हाडांवर भार पडणारा व्यायाम ही गरजच असते. सासूबाईंना सांगा की त्यांच्या पिढीने विहिरीचं पाणी शेंदलं, जात्यावर दळलं, डोक्यावर दोन घागरी घेतल्या, सगळं वजन उचलणंच होतं. आपण नळ आणि मिक्सर आणले, चांगलंच केलं, पण ते काम शरीराला दुसरीकडून द्यावं लागतं.


खामल्याची_सून

जात्याचं सांगितल्याबरोबर गप्प झाल्या आणि मग स्वतःच खुर्चीवरून उठून बघितलं त्यांनी. 🙏


मिहान_नाईटशिफ्ट

खाण्याबद्दल कोणीतरी लिहा ना. मी ३४, मिहानमध्ये आयटीत आहे, शिफ्ट रात्रीची. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आला. डॉक्टर म्हणाले आत्ता डायबिटीस नाही पण दारात उभा आहे. कंबर ३८ इंच. सकाळी शिफ्ट सुटली की मेट्रो पकडायच्या आधी तर्री पोहा, आलू बोंडा, चहा, आणि मग झोप. प्रोटीन पावडर घ्यायची का? मित्र म्हणतात भात बंद कर, पोळी बंद कर.


मानेवाडा_ले_आउट

@मिहान_नाईटशिफ्ट दादा, पावडरवर पैसे घालायच्या आधी घरचा हिशोब करून बघ. भारतीयांसाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेलं प्रमाण आहे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन. माझ्या ६२ किलोला ते साधारण ५१ ग्रॅम होतं. मी जानेवारीत आठवडाभर वहीत लिहून काढलं तर कसंबसं ३२-३३ भरत होतं. सकाळी चहा-टोस्ट, डब्यात दोन पोळ्या आणि आलूची भाजी, संध्याकाळी मुरमुऱ्याचा चिवडा, रात्री पातळ वरण-भात. भाजी पोळी घरचीच, तेलही फार नाही, म्हणून मी समजत होते की माझं खाणं चांगलं आहे.

आता रोज दोन वाट्या घट्ट वरण, त्यात १३ ग्रॅमच्या आसपास जातं. दोन ज्वारीच्या भाकरी, १२ ग्रॅम. एक वाटी दही ५, मूठभर फुटाणे ६, दोन उकडलेली अंडी १२. झाले ४८, बाकी जवसाची चटणी, फल्लीदाणे (शेंगदाणे), दूध यात निघून जातं. ज्यांना अंडी चालत नाहीत त्यांना ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांमध्ये २५ ग्रॅम मिळतं, आमच्याकडे मी त्या भिजवून, पिळून पालकाच्या भाजीत टाकते, मुलंही खातात.

आणि भात-पोळी बंद करू नको. कमी कर, त्या जागी भाजी वाढव. बंद केलेलं दोन महिन्यांत दुप्पट परत येतं, हे माझ्या भावाच्या बाबतीत बघितलंय.


मधुमेही_२००९

मिहान दादा, तुमच्या वयात मला हे कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं म्हणून लिहितोय. मला २००९ मध्ये डायबिटीस निघाला. त्याच्या आधी चार वर्षं माझे रिपोर्ट तुमच्यासारखेच होते आणि मी दुर्लक्ष केलं. ५.७ ते ६.४ ही मधली पायरी आहे, इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तीन हजारांवर लोक होते, त्यात ज्यांनी वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं त्यांच्यात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगलं. आपल्याकडे चेन्नईत तसाच अभ्यास झाला, २००६ चा, त्यात २८.५ टक्के. आपल्या लोकांमध्ये फरक कमी दिसला पण दिसला, आणि आपली माणसं तुलनेने बारीक असून त्यांना हा आजार होतो म्हणून कंबर जास्त महत्त्वाची. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांना ८०. तुमची ३८ इंच म्हणजे ९६-९७ झाली.

माझी चूक सांगतो. कोणीतरी सांगितलं ज्वारी शुगरला चांगली, तर मी पोळी सोडून चार-चार भाकरी खायला लागलो. ज्वारी पण धान्यच आहे, तिच्यातही पिठूळच जास्त, तंतू आहेत म्हणून जरा सावकाश चढते इतकंच. शुगर काही हलली नाही. दोन भाकरी, त्याच्या दुप्पट अंबाडीची किंवा मेथीची भाजी, सोबत झुणका, असं केल्यावर फरक पडला. आणि जेवण झाल्याबरोबर पंधरा मिनिटं गच्चीवर चालतो. स्नायू हालत असतात तेव्हा ते रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात, इन्शुलिन कमी पडलं तरी. घरच्या ग्लुकोमीटरवर मला ते स्पष्ट दिसतं.

अजून एक, शाकाहारी असाल आणि मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) सुरू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. माझे तळपाय वर्षभर बधिर होते, सगळे म्हणायचे शुगरमुळे, निघालं बी१२ कमी.


संत्रानगरी

तर्री पोहा मात्र नागपूरच्या माणसाने सोडायचा नसतो हा 😊


मानेवाडा_ले_आउट

सोडायला कोण सांगतंय! तर्री पोह्यात खरी चांगली गोष्ट आहे ते काळे चणे. मी ठेलेवाल्या दादांना सांगते, चणे दोन चमचे जास्त टाका, वरचा तवंग कमी, शेव नको, सांबार भरपूर (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). तोही रविवारी. घरी केला तर मोड आलेले चणे आणि एका पळीत बसेल एवढंच तेल.

तेलावरून आठवलं. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा डबा संपायचा. हिशोब केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. आता तीन लिटरवर आलोय. भाजी वेगळी केली नाही, फक्त फोडणीला बाटली तिरपी करायची सोडली आणि चमच्याने मोजून घालते. सावजी रस्सा महिन्यातून एकदा करतो, तो मात्र पूर्ण तेलातला, त्यात काटछाट केली की तो सावजी राहत नाही.


मिहान_नाईटशिफ्ट

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आजपासून खापरीला आणि सीताबर्डीला सरकता जिना बंद, पायऱ्या. शिफ्टला फुटाणे आणि उकडलेली अंडी नेतो. संत्र्याचा ज्यूस चालेल का? कॅन्टीनमध्ये ताजा मिळतो.


मधुमेही_२००९

संत्री खा, रस नको. एका ग्लासला तीन-चार संत्री लागतात, चोथा निघून जातो आणि साखर तेवढी राहते. अख्खं एक संत्रं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं. आंबिया बहाराची येतीलच आता ऑक्टोबरपासून, मग फेब्रुवारी-मार्चला मृग बहाराची.


गोकुळपेठ_बाजार

उन्हाळ्यात काय करता तुम्ही लोक? माझं दरवर्षी मार्चपर्यंत छान चालतं आणि मे उजाडला की सगळं बंद. ४५ च्या वर पारा गेला की पहाटेही अंगाची लाही होते. नवतपात (मे अखेरचे ते भर उन्हाचे नऊ दिवस) तर दार उघडवत नाही.


मानेवाडा_ले_आउट

मी मे-जूनमध्ये बाहेरचं चालणं पहाटे पाचला सुरू करून सहाला संपवत होते, सहाच्या पुढे नाहीच. ताकदीचा व्यायाम कूलरसमोर. घरातल्या व्यायामाचा हा मोठा फायदा, ऋतू आडवा येत नाही. निघायच्या आधी ग्लासभर पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील. पन्ह्यात गूळ फार पडतो म्हणून ते अर्धा ग्लास. गरगरलं, मळमळलं की तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं, त्या दिवसाचा व्यायाम झाला असं समजायचं.


फिजिओ_ताई

आणि घाम यायचा बंद होऊन अंग तापलं, बोलण्यात गोंधळ वाटला तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना.


नवतपा

खूप दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून घरातच असतात. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर खुर्चीत. उठताना दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून तीन-तीनदा प्रयत्न करतात. आम्ही मागच्याच महिन्यात त्यांच्यासाठी खुर्चीवर जाड गादी करून घेतली, म्हणजे उंच होईल. धाग्यातलं आईंचं वाचलं आणि पोटात गोळा आला. गुडघे दुखत असताना व्यायाम करवून घ्यावा का? जास्त झिजणार नाहीत ना?


फिजिओ_ताई

@नवतपा दादा, गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणं हाच मुख्य उपचारांपैकी एक आहे. स्नायू कमजोर झाला की सगळा भार सांध्यावर येतो. एकदा जवळच्या फिजिओला दाखवून घ्या, मग गादी राहू द्या, हात दांड्यांवरही राहू द्या, पण खुर्ची भिंतीला टेकवून घ्या म्हणजे सरकणार नाही, आणि दर जेवणाआधी फक्त तीन वेळा उठणं-बसणं. पाय मागे घ्यायचे, छाती पुढे न्यायची, मग उठायचं. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत असेल तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर एक कमी करा. महिन्याने एक हात सोडा. आणि जेवणात वरण घट्ट करा, रात्री एक कप दूध किंवा अंडं. या वयात भूक कमी होते आणि माणूस नुसत्या चहा-बिस्किटांवर राहतो, ते बघा.


इतवारीचा_भाऊ

भाऊ तुम्ही स्वतः त्यांच्या बाजूले दुसरी खुर्ची टाकून बसा अन् संगं करा. एकट्यानं कोनी करत नाही.


धरमपेठी_पहाट

मानेवाडा ताई, काल ग्रुपमध्ये करून बघितलं, फुटाळ्याच्या काठावर चादर टाकून. आम्ही अकरा जण. हात न टेकता दोघेच उठले, दोघेही लहानपणापासून शेतात काम केलेले. मला स्वतःला दोन्ही हात लागले. सोमवारपासून चालून आल्यावर पंधरा मिनिटं बाकावरून उठ-बस सुरू करतोय. माझं आधीचं मत मी मागे घेतो.


मानेवाडा_ले_आउट

काका 🙏 चौरंगापाशी अडकलात तर सांगा.


नवतपा

पाच आठवड्यांनी लिहितोय. सुरुवातीला बाबा चिडायचे, मी बाजूला खुर्ची टाकून बसायला लागल्यावर करू लागले. मी दहा करतो, ते जमेल तेवढे. आता मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, माझा एखादा चुकला तर सांगतात. आज सकाळी गादी काढून ठेवली आणि नुसत्या खुर्चीवरून एक हात सोडून पाच वेळा उठले. गादी कुठे ठेवू विचारलं तर म्हणाले, माळ्यावर टाक.